पिंपळगावकर

ज्या जागी आता दाजींच्या लॉन्सचं स्टेज आहे, तिथे आमचा गुलाब होता. स्टेजमागे केटररची माणसं भांडी घासतात, तिथे शेड होती. आणि पार्किंगमध्ये वॉचमन शिट्ट्या फुंकत गाड्या मागेपुढे करतो, तिथे गलांडा आणि झेंडू. मखमलाबाद रस्त्यावर रिक्षातून उतरून आत शिरले की माझा पाय दरवेळी जरासा उचलला जातो, बांध ओलांडायला उचलावा तसा. बांध जाऊन वर्षं झाली. पायाला कोणी कळवलेलं दिसत नाही.

जागा एकच असली तरी तिला लॉन्सच म्हणायचं, अशी नाशकातली रीत आहे. इथल्या कमानीवरची फुलं कापडाची आहेत आणि गवत निम्मं प्लॅस्टिकचं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांनी हा धंदा बरोबर ओळखलाय. खरी फुलं संध्याकाळपर्यंत मान टाकतात, कापडाची पुढच्या लग्नालाही उभी राहतात. 'वधूकक्ष' अशी पाटी लावलेल्या खोलीत एसीबरोबर गुलाबाच्या वासाचा फवारा मारून ठेवलेला असतो. आमच्या गुलाबाला असा वास कधीच नव्हता. त्याला आधी ओल्या वर्तमानपत्राचा वास यायचा, मग सुतळीचा, मग फवारणीच्या औषधाचा, आणि सगळ्यांच्या तळाशी, नाक खुपसून हुंगलं तर, गुलाबाचा.

आज इथे पूर्वाची बैठक आहे. पूर्वा ताईची एकुलती एक. मुलगा तिनेच पसंत केलेला, अनिकेत. अंबडच्या एका कंपनीत इंजिनीअर आहे, हळू बोलतो, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो. दाजींची हरकत नाही, मुलाच्या वडिलांची इथेच द्वारका चौकात दोन दुकानं आहेत, ती त्यांनी आधीच बघून घेतली. पण पूर्वाने दोन्ही घरांना सांगून ठेवलंय, आई मनापासून हो म्हणाली तरच. आणि काल ताईचा मला फोन आला.

"मी उद्या नाही म्हणणार आहे," ती म्हणाली. "तू जरा लवकर ये."

का, ते फोनवर सांगेना. मी लवकर आले. ताई अजून यायची होती. म्हणून या गुलाबी वासाच्या खोलीत एकटीच बसले, आणि बसल्या बसल्या शेडमध्ये जाऊन पोचले.

शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. उन्हाळ्यात पत्रे तापून कटकट वाजायचे, श्रावणात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचा नाही. खाली पोत्यांवर आम्ही बसायचो. आई पंचवटीतल्या दुकानांसाठी गलांड्याचे हार ओवायची, मी तिला सारख्या मापाची फुलं निवडून द्यायची, आणि ताई गुलाबाचे काटे काढायची. काटे काढायचं काम कोणालाच नको असायचं. ते ताईकडे कधी आलं हे आठवत नाही; जी कामं कोणाला नको असतात ती मोठ्या मुलीकडे चालत येतात. तिच्या हातांवर बारीक बारीक ओरखडे असायचे, जुन्यांवर नवे. त्यावर ती हळद लावायची, त्यामुळे ती कायम आदल्या दिवशी हळद लागलेल्या नवरीसारखी दिसायची. तेव्हा ती कॉलेज सोडून घरी बसलेली होती आणि मी नववीत होते.

दुपारी आत्या यायची. अण्णांची धाकटी बहीण, सकाळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तिचं लग्न झालं नव्हतं. स्थळं यायची तेव्हा तिचा पगारही यायचा, आणि घराने दोन्हींपैकी पगार ठेवून घेतला. ती पदर खोचून आमच्यात बसायची, सुईत दोरा ओवायची आणि गोष्ट सांगायची. तिच्या एम.ए.ला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती, तीच ती आम्हाला त्या श्रावणात सांगायला लागली. पाच बहिणी, भाऊ नाही, आणि त्यांना उजवायला निघालेली आई.

"आणि भाऊ नाही म्हणून घर जाणार चुलत भावाला," आत्या म्हणाली.

आईच्या हातातली सुई थांबली. आम्ही दोघी बहिणीच. आमचे चुलते बांधावर उभं राहून आमच्या गुलाबाकडे कसं बघतात ते तिला ठाऊक होतं.

"म्हंजी गोऱ्यांच्यात बी असंच हाय?" ती म्हणाली.

"तिथूनच आलं असेल," आत्या म्हणाली, आणि आई त्या दिवसापासून गोष्टीला आमच्याइतकीच चिकटली.

इंग्रजी नावं आईच्या तोंडात बसेनात. मग आत्याने ती सोडूनच दिली. त्या कादंबरीत एक गर्विष्ठ श्रीमंत आहे, त्याची बाग एवढी मोठी की बघायला लोक लांबून येतात. तो झाला पिंपळगावकर. बागा म्हटल्यावर पिंपळगावच्या द्राक्षबागांशिवाय आमच्या डोक्यात दुसरं येणार काय! आणि दुसरा एक, लष्करी पोशाखातला, जिभेवर साखर घोळवणारा आणि आतून चोर. लष्कर म्हणजे देवळाली कॅम्प, म्हणून तो देवळालीकर. खऱ्या पिंपळगावकरांनी आणि देवळालीकरांनी राग मानू नये, आमचा भूगोल तेवढाच होता. विलायती नाच आत्याने वरातीवर भागवला. अशा एका वरातीत पिंपळगावकर नायिकेकडे बघून, तिला ऐकू जाईल असं, तिच्या रूपाला नाव ठेवतो.

"मेल्याला काय धाड भरली होती?" आई म्हणाली.

"वरून तसा," आत्या म्हणाली. "मनात वेगळंच. पुढे कळेल."

ताईने काटे काढता काढता मान वर केली. हे मला स्पष्ट आठवतं, कारण ती गोष्ट ऐकताना कधीच मान वर करायची नाही.

झालं. आमच्या घरात जगातल्या समस्त पुरुषांच्या दोन जाती ठरल्या. फुलबाजारातला आडत्या अण्णांच्या अंगावर खेकसला पण पैसे चोख दिले, तो पिंपळगावकर. गोड बोलून पाटी पडत्या भावात उचलून नेणारा देवळालीकर. आजीला इंजेक्शन देताना तिला झापणारा डॉक्टर पिंपळगावकर. घरात हसू व्हायचं. शब्द इतका चालायचा की त्याला कादंबरी होती हे आई पुढे विसरूनही गेली.

त्या भाद्रपदात हेमंत यायचा. शालिमारजवळच्या एका बुकेवाल्याचा मुलगा, ऊन कललं की लुनावरून गुलाब न्यायला. "काका, तुम्ही बसा, मी उचलतो," म्हणायचा. आईने दिलेला चहा पिऊन झाला की कप स्वतः विसळून ठेवायचा. पुरुषाने कप विसळलेला आम्ही तोवर बघितला नव्हता. पहिल्या दिवशी आई तो कप हातात धरून बराच वेळ नुसती बघत होती. मग एकदा त्याने येताना कॅनव्हासचे हातमोजे आणले, ताईच्या पुढ्यात ठेवले, आणि पत्र्याकडे बघत म्हणाला, "गुलाबाला लागतात." एवढंच बोलला आणि लुनाला पायडल मारायला लागला. त्या दिवशी ती लवकर सुरू होईना.

तो गेल्यावर आम्ही ताईकडे बघितलं.

"देवळालीकर!" ताई म्हणाली, आणि आम्ही पोट धरधरून हसलो. मीसुद्धा. आत्याही.

मोजे खिळ्याला टांगले गेले. पुढे अण्णा ते फवारणीला घालायचे. एकदाच मी शेडमध्ये अवचित गेले, तर ताई ते मोजे घालून बसलेली, पुढ्यात गुलाब नव्हते, काही नव्हतं, नुसते मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून. मला बघून तिने ते ओढून काढले आणि वर मलाच ओरडली. हेमंत त्या वर्षानंतर आला नाही. पुण्यात त्याचं मोठं दुकान आहे म्हणतात, आणि दुकानाला त्याने बायकोचं नाव दिलंय.

मग आला दसरा. फुलवाल्याच्या घरात दसऱ्याला सण म्हणत नाहीत. तो आठवडा म्हणजे झेंडू. झेंडू अंगणात, झेंडू पडवीत, झेंडू अंथरुणाखाली. त्याच्या पाल्याचा तो कडवट, डोक्यात चढणारा वास जेवणालाही लागायचा आणि बोटं हिरवी-काळी व्हायची ती दिवाळीपर्यंत. कालिकेच्या जत्रेचे पाळणे लांबून दिसायचे आणि आमच्यापैकी कोणी तिकडे फिरकायचं नाही. गोष्ट अर्थातच बंद. पिंपळगावकर आणि ती, दोघं कुठल्याशा घरात समोरासमोर आलेत, तो काहीतरी बोलायला तोंड उघडतोय, इथे येऊन आत्या थांबली होती आणि तिथून आम्ही झेंडूत बुडालो.

दसरा सरला तेव्हा सगळ्यांचे डोळे खोल गेले होते. आत्यापुढे पेपरांचे गठ्ठे. ताई तिच्या मागे लागली, "आत्या, पुढे काय झालं गं?"

"पुढे काय," आत्या पेपरावरून मान न उचलता म्हणाली, "झालं की लग्न."

"त्याच्याशीच?"

"त्याच्याशीच. सगळ्यांसमोर एवढं नाव ठेवलं, पण मनात तीच होती."

"बाई गं," ताई म्हणाली, आणि किती तरी वेळ दारातच उभी राहिली.

तुळशीचं लग्न लागलं आणि आठच दिवसांत ताईला स्थळ आलं. कुठलं म्हणाल? पिंपळगावचं. द्राक्षबागा, पक्कं घर, दारात जीप. आईने देव पाण्यात ठेवले. ताईला त्याची गरज वाटली नाही, तिच्या लेखी देवाने गावाचं नाव सांगून आधीच कौल दिला होता.

ते तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मामा खोलीत फार टिकला नाही. पाणी प्यायला आणि उठून बांधावरून चालू लागला, रस्ता आमच्या शेताला कुठून कुठवर लागतो ते बघत. ताई पोहे घेऊन आली. आत्याची निळी साडी नेसली होती, केसांत आमचाच गुलाब. मुलाने एक घास खाल्ला, ताईकडे बघितलं आणि आईकडे वळून म्हणाला,

"फोटोत बरी होती."

हळू नाही. आम्हाला ऐकू जाईल असं. अण्णा बशीतल्या पोह्यांकडे बघत राहिले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग ताईने त्याच्यापुढे चहा धरला, तेव्हा तो म्हणाला, "हात बघ की. मजुरीला जाती का काय?"

"आमचा लय फटकळ हाय," त्याची आई हसून म्हणाली. "पर मनात काई नाय त्याच्या."

मला रडू येत होतं. कोणाचा तरी कान धरून याला बाहेर काढावं असं वाटत होतं, पण आमच्या घरात कान धरणारं कोणी नव्हतं. मी ताईच्या मागे स्वयंपाकघरात धावले. ती ओट्याला टेकून उभी होती, आणि तिचं तोंड, देवा, असं उजळलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"आत्या, ऐकलंस?" ती कुजबुजली. "अगदी तसंच! सगळ्यांसमोर!"

आत्या हसली. "हो गं, अगदी तसंच," म्हणाली. मग तिचं हसू अर्ध्यावर राहिलं, काहीतरी आठवल्यासारखं. पण तेवढ्यात आई आत आली, "पोरीला इचारा कोनीतरी," म्हणत, आणि पोर कोणी विचारायच्या आत म्हणाली, "मला पसंत आहे."

लग्नात गुलाब आमचाच होता, पाट्यांच्या पाट्या. काटे या वेळी मी काढले.

पहिल्या दिवाळसणाला ताई माहेरी आली तेव्हा तिने लाजत लाजत सांगितलं, "ते मला फोटो म्हणतात." म्हणजे काय, तर हाकच तशी. ए फोटो, पाणी. ए फोटो, कुठं मेली? चारचौघांतही. मला वाटलं ती रडेल. ती हसत होती. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर गेलं, तेही तिने हसतच सांगितलं, भिंतीवरचा वरणाचा डाग निघता निघत नाही म्हणून. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: "पिंपळगावकर आहेत हो. वरून तसे, मनानं सोनं." हळूहळू ते वाक्य सगळ्या नातेवाइकांना पाठ झालं. दाजी कोणावर तरी ओरडले की माणसं ताईकडे बघायची, ती ते वाक्य म्हणायची, सगळे हसायचे, आणि पंगत पुढे सरकायची.

अण्णांच्या दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजी ताटकळले, ज्याने त्याने येऊन अण्णांना काय काय शब्द दिले. पोरींचं बघू, आईला अंतर देणार नाही. कावळा लांब दगडावर बसून बघत होता. दाजी मोबाइलवर बोलत होते, तो कानावरून न काढताच ते मोठ्याने म्हणाले, "म्हाताऱ्याचा जीव जमिनीत अडकलाय. सांगा त्याला, जमिनीकडं मी बघतो."

आणि कावळा शिवला.

आजही आमच्यात कोणी ना कोणी ती गोष्ट काढून दाजींना हात जोडतं. ताईने तेव्हा माझा दंड घट्ट धरला होता, डोळ्यांत पाणी. "बघितलंस?" म्हणाली. "बघितलंस ना? मनानं कसे आहेत ते?" तिला पुरावा मिळाला होता. वर्षभरात जेसीबी आला. आमच्या वाट्याचं काय ते बोलणं झालं, मला फ्लॅट मिळाला, आई माझ्याकडे येऊन राहिली आणि त्याच फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीतल्या गुलाबाकडे पाठ करून बसता बसता गेली. शेडचे पत्रे भंगारात गेले. खिळ्यावरच्या मोज्यांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

पण हे पुढचं झालं. मला सांगायचंय ते त्याआधीचं, कॉलेजातलं.

बी.ए.ला आम्हाला तीच कादंबरी होती. मी वर्गात मागच्या बाकावर बसून पोत्यावरची फुलं वेचल्यासारखी ओळखीची वाक्यं वेचत होते. ही आई, हा चुलत भाऊ, ही वरात, हा अपमान. आणि मग सरांनी पान उलटलं. दोघं एका घरात समोरासमोर येतात, तो तोंड उघडतो. तो तिला मागणी घालतो. आणि ती नाही म्हणते. एवढी बाग, एवढी श्रीमंती, घरात पाच मुली, डोक्यावरचं छप्पर जाणार. तरी त्याच्या तोंडावर नाही म्हणते. तुम्ही उद्धट आहात, म्हणते. आणि सर म्हणाले, या नकाराशिवाय ही प्रेमकथाच होत नाही, त्या नकारानेच तो माणूस आपल्याकडे बघायला लागतो, बदलतो. वर्ग तसाच चालू होता, पंखा फिरत होता, पोरी वहीत लिहून घेत होत्या.

म्हणजे ते झेंडूत गेलं होतं.

मी त्याच पावली आत्याकडे गेले. "ती नाही म्हणते, आत्या. आधी नाही म्हणते. तू आम्हाला सांगितलंच नाहीस."

आत्या चष्मा काढून पुसत बसली. "नाही सांगितलं?" म्हणाली. मग चष्मा परत चढवून, "दसरा होता गं. त्या वर्षी झेंडूला चांगला भाव होता."

"ताईला सांगू?"

"आता?" आत्या म्हणाली. ताईची पूर्वा तेव्हा तिच्या घरात रांगत होती. "आता ती नाही कोणाला म्हणणार? राहू दे तिला तिचं. तेवढ्यावर तर उभी आहे."

मीही राहू दिलं. आत्या गेल्या साली गेली. शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, दाजी बघायला आले आणि नर्सवर ओरडले, तेव्हा मात्र ती डोळे मिटूनच म्हणाली, "आला का पिंपळगावकर?" ताई किती हसली होती.

वधूकक्षाचं दार उघडलं. ताई आली. येवल्याची हिरवी पैठणी, बोटांत अंगठ्या. हात आता मऊ झालेत, पण उजेडात धरले की त्यांवर पांढऱ्या बारीक रेघा दिसतात. ती माझ्या शेजारी टेकली आणि दाराकडे एकदा बघून घेतलं.

"का नाही म्हणणार आहेस?" मी विचारलं. "काय वाईट आहे मुलात?"

"वाईट काहीच नाही गं," ताई म्हणाली. "तेच तर. त्या दिवशी घरी आला. मी ताटं उचलायला गेले तर म्हणाला, आई, तुम्ही बसा. स्वतः उचलली. आपल्या पूर्वाकडे असा बघतो, असा बघतो... ती काही बोलली की ऐकून घेतो. एवढं गोड कोण असतं गं? पोटात काहीतरी असणार." तिने आवाज खाली आणला. "देवळालीकर आहे. मी सांगते तुला."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला खरंच भीती वाटत होती. आपल्या लेकीला फसवणुकीतून सोडवायला निघालेल्या आईची भीती, खरीखुरी. बाहेर पूर्वा कोणाशी तरी हसत होती. तिचं ते हसू मला खोलीत ऐकू येत होतं, आणि थोड्या वेळाने ताई बाहेर जाऊन ते बंद करणार होती. दोघींपैकी एकीचं काहीतरी मोडणार हे मला त्या क्षणी कळलं. कोणाचं, ते ठरवायला मला फार वेळ लागला नाही, आणि याची मला लाज वाटत नाही.

"ताई," मी म्हटलं, "आत्याच्या गोष्टीतला एक भाग राहिला होता."

"कुठला?"

"दसऱ्यातला. ती त्याला नाही म्हणते."

"कोण?"

"ती. पिंपळगावकराला. तो मागणी घालतो आणि ती तोंडावर नाही म्हणते. तुम्ही उद्धट आहात, मला नको, म्हणते. मग तो शरमतो. सुधारतो. मग परत येऊन विचारतो, आणि मग लग्न."

ताई हसली, मी चेष्टा करते आहे असं वाटून. मग थांबली.

"सुधारतो?" ती म्हणाली. "लग्नाच्या आधी?"

"आधी."

एसी घुमत होता. गुलाबाचा तो खोटा वास इतका दाटला होता की मला उठून दार उघडावंसं वाटलं.

"आणि लग्नानंतर?"

"लग्नानंतरचं पुस्तकात नाही, ताई. तिथे संपतं."

तिने मान हलवली, हिशोब पटल्यासारखी. अंगठीखालची एक पांढरी रेघ नखाने घासत राहिली, पुसली जाते का बघत असल्यासारखी. "आत्याला माहीत होतं?"

"दसरा होता. मग पेपर होते."

"आणि तुला?"

मग मला सांगावं लागलं. "कॉलेजपासून."

ताईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाचं मी काहीतरी करू शकले असते. लांबच्या लग्नात आपल्याला ओळखत नसलेली बाई शेजारी येऊन बसली की बघतात, तसं बघितलं.

"तो मोजे घेऊन आला होता," ती म्हणाली.

दार धाडकन उघडलं. "ए फोटो!" दाजी दारातूनच ओरडले. "पाव्हणे येऊन बसले अन् तू इथं कुचकुच करीत बसली व्हय? चल!"

या हाकेला ताई नेहमी आमच्याकडे बघून हसायची. आज ती उठली, निऱ्या झटकल्या आणि त्यांच्यामागून चालू लागली.

बैठक चांगली झाली. पूर्वाने आईकडे बघितलं आणि ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "मुलगा मला पसंत आहे. माझी काही हरकत नाही." आवाज अगदी स्वच्छ होता. पूर्वा येऊन तिच्या गळ्यात पडली, माझ्याही पडली, "मावशी, तूच काहीतरी जादू केलीस," म्हणाली. सुपारी फुटली, पेढे झाले, साखरपुड्याला हेच लॉन्स घ्यायचं ठरलं. कापडी फुलांच्या कमानीखाली फोटो निघाले. अनिकेतने ताईसाठी खुर्ची ओढली आणि ताई तिच्यावर जपून बसली, खुर्ची आपली नसल्यासारखी.

जेवणाच्या वेळी आमटी गार निघाली. "पाव्हण्यांना गार आमटी? अक्कल गहाण टाकली का, फोटो?" दाजी भर पंगतीत गरजले, तसं ताई केटररकडे जाऊन आमटी बदलून आली आणि भाताचं भांडं घेऊन वाढू लागली. अनिकेतची आई बिचारी संकोचली. काहीतरी बोलावं म्हणून हसून म्हणाली, "साहेब जरा कडक दिसतात हं."

आमच्याकडची सगळी माणसं ताईकडे बघायला लागली. मामी, चुलते, चुलत्या, पूर्वासुद्धा. सगळ्यांच्या ओठांवर ते वाक्य तयार होतं, हसूही तयार होतं, नुसतं तिने सुरू करायचं होतं. ताई त्या बाईंच्या ताटावर वाकली.

"भात वाढू थोडा?" ती म्हणाली.